अर्धी मांजर अर्धा माणूस असा सेंटॉर जीन एडिटिंगने बनवता येईल का?

आत्ताच्या टेक्नॉलॉजीत तरी नाही. सेंटॉर म्हणजे ग्रीक पुराणकथांतला अर्धा घोडा अर्धा माणूस, तुमच्यात घोड्याच्या जागी मांजर. खाली मांजराचं चार पायांचं धड आणि वर माणसाचे दोन हात म्हणजे टोटल सहा, आणि गोची तिथेच आहे, कारण बेडकापासून आपल्यापर्यंत सगळ्यांचा साचा चारचाच, पक्ष्यांना पंख मिळाले ते पण पुढचे दोन पाय देऊनच. कुठे काय उगवायचं हे ठरवण्यात हॉक्स जीन्सचा मोठा हात असतो, पण त्यात ढवळाढवळ करून नुसते जादा हात फुटले तरी खांदे, नसा, मणके, सगळंच नव्याने जुळवावं लागणार. दोन छात्या असतील तर हृदय कुठल्या छातीत, हे तर विचारूच नका.

गोष्टीसाठी विचारत असाल तर मात्र मजा आहे. मांजरांचा गोड चवीचा एक जीन बंद पडलेला असतो (आमचा सदाशिव पेठेतला बोका जिलबी हुंगतो आणि सरळ निघून जातो), आणि टॉरिन (शरीराला लागणारं एक पोषकद्रव्य) त्यांना पुरेसं बनवता येत नाही, ते मांसातूनच मिळवावं लागतं, म्हणजे तुमच्या पात्राला चतुर्थीला पण मटणच लागेल. आणि शिवनेरीच्या दरवाजावरचा शरभ (सिंहासारखा काल्पनिक प्राणी) एकदा बघून या, त्या शिल्पात पण पाय चारच!