पणजीतल्या जुन्या दुमजली दुकानाचे प्लास्टर दर पावसाळ्यानंतर का सुटते?

तुमची इमारत सांतोमेत आहे, खाली दुकान आणि वर बिऱ्हाड. संरक्षित विभागात येते. सिमेंटचे प्लास्टर दोनदा करूनही जमिनीपासून तीन-चार फुटांपर्यंत सुटले, आणि इमारत किती जुनी हेही कळत नाही, असे तुम्ही लिहिले आहे. आधी प्लास्टर.

भिंत चिऱ्याची, म्हणजे तांबड्या जांभ्या दगडाची आहे आणि चिरा ओल शोषतो. चुन्याचा गिलावा ती ओल बाहेर सोडतो. सिमेंट ती वाट अडवते, मग ओल भिंतीत आणखी वर चढते, तिच्याबरोबर आलेले क्षार गिलाव्याच्या मागे साठतात, सुकताना त्यांचे स्फटिक फुगतात आणि गिलावा ढकलला जातो. लोणा लागतो तो असा. सुटलेली एखादी खपली उलटी करून बघा, मागे तांबडी भुकटी चिकटलेली असेल. तो तुमचा चिरा आहे. सिमेंटच्या प्रत्येक खेपेला भिंतच थोडी थोडी जाते आहे, म्हणून वॉटरप्रूफिंगचा रंग किंवा टाइल्स लावून ते झाकू नका.

काम डिसेंबर ते एप्रिलमध्ये काढा. सिमेंट छिन्नी-हातोडीने हलक्या हाताने उतरवा, ब्रेकर लावू नका, चिऱ्याच्या कडा तुटतात. सांधे इंचभर खोल मोकळे करा, लोणा कोरड्या ब्रशने झाडा (पाण्याने धुतलात तर क्षार परत आत जातात) आणि भिंत महिनाभर तरी उघडी सुकू द्या. दुकान चालू असताना हे जड जाते, पण इथे घाई केली तर पुढचा सगळा खर्च वाया जातो. चुन्याची कळी भिजवून निदान तीन आठवडे पाण्याखाली मुरवा. एक भाग चुना, तीन भाग नदीची चाळलेली वाळू. समुद्राची वाळू अजिबात नको, तिच्यात मीठ असते. थर 10 ते 12 मिलिमीटरच्या वर नेऊ नका, पहिला थर खरवडून ठेवा आणि आठवडाभर ओल्या गोणपाटाखाली राखा. गवंडी 'पकड येण्यासाठी' मूठभर सिमेंट टाकू म्हणेल. टाकू देऊ नका.

रंग चुन्याचाच, तीन-चार पातळ हात. गेरू, पिवळी माती आणि निळीच्या छटा चुन्यात टिकतात.

छपराकडेही बघा, कारण पन्हाळ फुटून भिंतीच्या पायाशी पाणी पडत असेल तर गिलावा काहीच करू शकणार नाही. मंगळुरी कौले चौरस मीटरला 13 ते 15 लागतात. वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकांत बसत नाहीत, म्हणून शाबूत जुनी कौले रस्त्याच्या बाजूला एकत्र करा आणि नवी मागच्या उतारावर घाला.

आता वय. कौलावर 1865 साल दिसले तर लगेच हरखून जाऊ नका. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेचा मंगळूरचा कौलांचा कारखाना त्या साली निघाला, आणि कौलावर कारखान्याच्या स्थापनेचे सालही छापत. शिवाय छप्पर भिंतींनंतर बदललेले असू शकते. खिडक्यांना शिंपल्यांची तावदाने किंवा त्यांच्या चौकटीच्या खाचा उरल्या असतील तर काच रुळण्याआधीची ती खूण जास्त बोलकी.

पणजीचा हा भाग व्यापारी वस्ती म्हणून कसा वाढला ते समजायला जवळचे मुख्य टपाल कार्यालय बघा. ती पूर्वी तंबाखूच्या व्यापाराची इमारत होती, आणि जवळच्याच काझा द मोएदात 1834 ते 1841 टांकसाळ चालली. 1827 ते 1835 मध्ये विसेरेई (पोर्तुगीज व्हाइसरॉय) दों मानुएल द पोर्तुगाल ई काश्त्रू यांनी दलदल बुजवून सरळ रस्ते आखले, 1843 साली पणजी राजधानी झाली. तुमच्यासारखी खाली दुकान, वर घर असलेली इमारत या शहराच्या घडणीचाच भाग आहे, आणि म्हणून ती नीट राखावी असे मला मनापासून वाटते.

नक्की वर्ष हवे तर सिटी सर्व्हेतला पी. टी. शीट (नकाशाचा क्रमांक) आणि चलता नंबर (त्यावरचा तुमच्या जागेचा क्रमांक) काढा, फॉर्म डी, म्हणजे मिळकतीचा उतारा घ्या, त्यावरून पोर्तुगीज काळातल्या नोंदीचा क्रमांक शोधा आणि पुराभिलेख खात्यात तो दाखवा. गिलावा उतरवण्याआधी पीडीए (नियोजन व विकास प्राधिकरण) आणि महापालिका दोघांकडे लेखी विचारा. अर्जासोबत दर्शनी भागाचे फोटो जोडा, गॅलरीचे लोखंडी कठडे आणि कंगोरे जवळून घेतलेले. कठड्याचे गज भिंतीत जिथे शिरतात तिथे तडे असतील तर तेही फोटोत दाखवा, गंजलेले लोखंड फुगून चिरा फोडते आणि ते काम गिलाव्याच्या आधीच करावे लागते.