मुक्त, फुकट की स्वयंवह? नादावर चालणाऱ्या पंपाच्या निमित्ताने

तासगाव तालुक्यातल्या एका वाचकांनी एका छापील पत्रकाचा मजकूर पाठवून तीन शंका विचारल्या आहेत. पत्रक पाण्याच्या पंपाचं आहे. मथळा असा : ‘वीज नको, डिझेल नको. नादशक्तीवर चालणारा मुक्त ऊर्जा पंप.’ खाली बारीक अक्षरांत : ‘अनाहत कंपनांतून अक्षय ऊर्जा. सहानुभूत कंपनाचा हा शोध अमेरिकेत कीली यांनी लावला, पण तो दडपला गेला.’ वाचकांचं म्हणणं, ‘मुक्त ऊर्जा’ म्हणावं की ‘फुकट ऊर्जा’? कंपन आणि स्पंदन एकच का? आणि ‘सहानुभूत कंपन’ हे मराठी आहे का? पत्राच्या शेवटी एक ओळ आहे : वडिलांनी बुकिंगचे पैसे भरायचं मनावर घेतलंय. ती ओळ वाचल्यावर नुसतं व्याकरण सांगून मोकळं होणं मला पटत नाही.

तिसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण तिचं उत्तर सांगली जिल्ह्यातच आहे. ‘सहानुभूत कंपन’ हे इंग्रजीतल्या सिम्पथेटिक व्हायब्रेशनचं शब्दाला शब्द ठेवून केलेलं भाषांतर आहे. मराठीत सहानुभूती माणसाला वाटते, तारेला नाही. शास्त्रीय लेखनात यासाठी अनुनाद, अनुस्पंदन, संस्पंदन असे शब्द छापलेले सापडतात. पण त्याही आधीपासून मिरजेच्या सतारमेकर गल्लीत या गोष्टीला रोजच्या वापरातला शब्द आहे, तरफ. सतारीच्या मुख्य तारांखाली अकरा ते तेरा बारीक तारा ओढलेल्या असतात, त्या तरफेच्या तारा. वाजवणारा त्यांना सहसा हात लावत नाही. वरची तार छेडली की तिच्या सुराशी जुळलेली खालची तार आपोआप झंकारते. नवी सतार जुळवताना कारागीर तरफेची खुंटी केसभर फिरवतो आणि वरच्या तारेवर एकच आघात करून कान देतो. तरफ बोलली तर खुंटी सोडतो, नाही तर पुन्हा फिरवतो.

पत्रकातला सगळा भुलवणारा भाग या ‘आपोआप’मध्ये आहे. हात न लावता तार वाजली, म्हणजे तिला ऊर्जा कुठून तरी फुकट मिळाली, असं वाटतं. तसं होत नाही. वरच्या तारेची थरथर घोडीत, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीत उतरते, घोडीतून तबलीत, म्हणजे भोपळ्यावरच्या पातळ लाकडी झाकणात, आणि तरफेत जाते. तरफ जेवढं घेते तेवढं वरच्या तारेचं कमी होतं. भोपळ्याचंही तेच आहे. तबली आणि भोपळा ऊर्जेत भर घालत नाहीत, तारेतली ऊर्जा हवेत लवकर पोचवतात. म्हणून आवाज मोठा येतो, आणि म्हणूनच तार लवकर शांत होते. घन लाकडाच्या फळीवर नुसती ताणलेली तार क्षीण वाजते, पण जास्त वेळ थरथरत राहते. अनुनादाने ऊर्जा एका जागेहून दुसऱ्या जागी फार सहज जाते, एवढंच. ती वाढत नाही.

आता ‘अनाहत’. या शब्दाचा असा वापर पाहून मला खरोखर वाईट वाटतं. आपल्या संगीतशास्त्रात नादाचे दोन प्रकार सांगितले आहेत, आहत आणि अनाहत. शार्ङ्गदेवाच्या तेराव्या शतकातल्या ‘संगीतरत्नाकरा’त हा भेद आहे. आहत म्हणजे आघाताने उठलेला, कानांनी ऐकू येणारा. गाण्याचं सगळं शास्त्र या नादाविषयी बोलतं. अनाहत हा योग्यांच्या उपासनेचा विषय, आघाताशिवायचा, आतला. ज्यांची त्यावर श्रद्धा आहे त्यांनीही त्याला कधी मोटेला जुंपलं नाही. पंपाच्या पात्याला फिरवायचं तर नाद हवेतला किंवा धातूतला असायला हवा, म्हणजे आहत असायला हवा. आणि आहत म्हटलं की आघात आला, आघात करणारा आला, आणि त्याचे श्रम आले. हे त्या शब्दातच सांगून ठेवलेलं आहे.

श्रम किती, ते आपल्याकडच्या मिरवणुकीत डोळ्यांना दिसतं. सातारा-सांगलीत ‘डॉल्बी’ हा शब्द एका कंपनीचं नाव न राहता स्पीकरच्या भिंतीचं सामान्यनाम झाला आहे. ती भिंत ज्या ट्रॉलीवर उभी असते तिच्या मागेपुढे जनरेटर असतोच, आणि तो रात्रभर डिझेल पितो. त्या डिझेलमधल्या ऊर्जेचा अगदी थोडा हिस्सा आवाज होतो, बाकीची उष्णता होऊन जाते. छाती हादरते म्हणून त्यात प्रचंड ऊर्जा असेल असं वाटतं, पण आपला कान विलक्षण हळवा आहे, एवढाच त्याचा अर्थ. १२० डेसिबलला कान दुखायला लागतो. त्या आवाजात एका चौरस मीटरवर पडणारी ध्वनीची शक्ती फक्त १ वॅट असते. तेवढ्याच जागेवर दुपारचं ऊन सुमारे १००० वॅट टाकतं. पाच एचपीची मोटर म्हणजे ३७३० वॅट. तेवढी शक्ती आवाजातून गोळा करायची तर सुमारे ३७ गुंठ्यांवर कान फाटेल असा आवाज सतत हवा, आणि त्यातला कणही वाया जायला नको. आणि तो आवाज करायला जनरेटर लागणारच.

आता शक्ती आणि ऊर्जा या शब्दांकडे येऊ, कारण पत्रकात ते एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरले आहेत. रोजच्या बोलण्यात ‘शक्ती’त सगळं मावतं : अंगातला जोर, देवीचं सामर्थ्य, औषधाचा गुण. शाळेच्या विज्ञानात मात्र तीन शब्द वेगळे ठेवले आहेत. बल म्हणजे ओढ किंवा ढकल. ऊर्जा म्हणजे कार्य करण्याची क्षमता. शक्ती म्हणजे कार्य करण्याचा दर. म्हणूनच एचपीला आपण अश्वशक्ती म्हणतो, अश्वऊर्जा नाही. विजेचं बिल युनिटांत येतं, ती ऊर्जा. मोटर एचपीत घेतो, ती शक्ती. १०,००० लिटर पाणी ३० मीटर वर चढवायचं तर निव्वळ ०.८२ युनिट ऊर्जा लागते. विहीर कुणाचीही असो, पंप कसलाही असो, याहून कमी नाही. प्रत्यक्षात पंप आणि पाइपातली घट धरून बरीच जास्त.

‘अक्षय’चा गोंधळ आणखी बारीक आहे आणि तो थोडासा आपल्या परिभाषेनेच घातलाय. ऊन-वाऱ्यापासूनच्या ऊर्जेला आपण अक्षय ऊर्जा म्हणतो, म्हणजे साठा न संपणारी. आणि भौतिकशास्त्रात ‘ऊर्जा अक्षय्यतेचा नियम’ आहे : ऊर्जा निर्माण होत नाही, नष्ट होत नाही, रूप बदलते. पत्रक पहिला शब्द घेऊन दुसऱ्याचाच भंग करतं. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्या अक्षय ऊर्जेवर चालतात, पण त्यांच्यामागे वारा आहे, आणि वाऱ्यामागे उन्हाने तापलेली हवा. पाती वाऱ्याचा वेग काढून घेतात, पात्यांमागचा वारा मंद होतो. तिथेही देणाऱ्याचं कमी झाल्याशिवाय घेणाऱ्याला मिळत नाही.

आता मूळ शंका, मुक्त की फुकट? ‘मुक्त ऊर्जा’ हा शब्द ऊष्मागतिकीत, म्हणजे उष्णता आणि कार्य यांच्या शास्त्रात, आधीच अडकलेला आहे. गिब्ज मुक्त ऊर्जा म्हणजे ठरावीक तापमानाला आणि दाबाला एखाद्या प्रक्रियेतून कार्यासाठी मोकळी मिळू शकणारी ऊर्जा. तो पक्का शास्त्रीय शब्द आहे. पंपवाल्यांनी तो उचलला की पत्रकाला पाठ्यपुस्तकाचा वास येतो. म्हणून या दाव्यासाठी ‘मुक्त’ वापरू नये. ‘फुकट’ला माझी हरकत कमी, पण तोही नेमका नाही. वाराही फुकटच, ऊनही फुकटच. त्यात खोटं काही नाही. शिवाय मराठीत फुकटचे अर्थ दोन : मोल न देता, आणि व्यर्थ. ‘चार वर्षं फुकट गेली’ यातला दुसरा.

नेमका शब्द आपल्याकडे जुना आहे, ‘स्वयंवह’. भास्कराचार्यांनी सिद्धान्तशिरोमणीत, म्हणजे इ.स. ११५० च्या सुमारास, पोकळ आऱ्यांत अर्धा पारा भरलेलं चाक वर्णिलं आहे. एकदा फिरवलं की स्वतःच फिरत राहील असं. अशा यंत्राला स्वयंवह म्हणत. भास्कराचार्यांची गणितातली थोरवी त्या चाकावर अवलंबून नाही. ते चाक फिरत राहत नाही, हे आज आपल्याला ठाऊक आहे : पाऱ्यामुळे एका बाजूला वजन लांब जातं, तर दुसऱ्या बाजूला जास्त आऱ्यांतला पारा येतो, तोल साधतो आणि घर्षण चाक थांबवतं. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने १७७५ साली अशी यंत्रं तपासायलाच नकार दिला. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम ३ मध्येही प्रस्थापित निसर्गनियमांच्या उघड विरुद्ध असलेला दावा पेटंटयोग्य शोध मानलेला नाही. तेव्हा या पंपाला ‘स्वयंवह पंप’ म्हणावं. दावा काय आहे ते त्या एका शब्दात उघडं पडतं.

कंपन आणि स्पंदन हे विज्ञानात बरेचदा एकमेकांच्या जवळ वापरतात, पण बोलीत त्यांचा पिंड वेगळा. स्पंदन हृदयाचं, नाडीचं. त्यात जीव आहे, लय आहे. म्हणून हल्ली ‘चांगली स्पंदनं’ वगैरे म्हणतात. कंपनात जीव असायलाच हवा असं नाही, ते पुलाचं, काचेचं, इंजिनाचंही असतं. दोन्ही नपुंसकलिंगी, अनेकवचन कंपनं, स्पंदनं. ‘कंप’ मात्र पुल्लिंगी, त्यात भीती मिसळलेली. पाटणच्या बाजूला जुन्या माणसांपुढे ‘कंप’ म्हटलं तर त्यांना ११ डिसेंबर १९६७ ची कोयनेच्या भूकंपाची पहाट आठवते. त्याच धातूपासून आपलं कांपणं आलं. पूर्वी थरथरणारा ‘कांपणें’ अनुस्वार घेऊन यायचा आणि कोयत्याचा ‘कापणें’ त्याशिवाय. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले आणि दोघे एकसारखे दिसू लागले. मला त्या अनुस्वाराची अजून उणीव भासते. पत्रकासाठी योग्य शब्द कंपन. तिथे ‘स्पंदन’ घातलं असतं तर यंत्राला उगाच जिवंतपणा आला असता.

राहिले कीली. जॉन कीली हे फिलाडेल्फियातले गृहस्थ. १८७४ पासून ते आपलं इंजिन लोकांना दाखवत होते. त्यातल्या एकाचं नाव ‘हायड्रो-न्यूमॅटिक-पल्सेटिंग-व्हॅक्युओ-इंजिन’. व्हायोलिन, ट्यूनिंग फोर्क असं काहीतरी वाजवायचे आणि चाक फिरू लागायचं. कीली मोटर कंपनी निघाली, भागधारकांनी पैसा ओतला, क्लारा ब्लूमफील्ड मूर या श्रीमंत विधवेने वर्षानुवर्षं पोसलं. तेव्हा ‘दडपला गेला’ हे खरं नाही, उलट त्यांच्याइतका आश्रय फार थोड्या संशोधकांना मिळतो. इंजिनाचं गुपित सांगण्याचा न्यायालयाचा आदेश पाळला नाही म्हणून १८८८ मध्ये थोडे दिवस तुरुंगातही गेले, पण गुपित सांगितलं नाही. विकता येईल असं एकही इंजिन बाहेर आलं नाही. १८९८ च्या नोव्हेंबरात ते वारले. नंतर प्रयोगशाळेची फरशी उकलली तेव्हा खाली सुमारे तीन टनांचा पोलादी गोळा सापडला आणि जमिनीखालून नेलेल्या बारीक नळ्या. तपासणाऱ्यांनी निष्कर्ष काढला तो दाबलेल्या हवेचा. वर व्हायोलिन, खाली हवा.

कंपनातून वीज निघतच नाही असं मात्र म्हणू नका, वडिलांनाही तसं सांगू नका. क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवलं की काही स्फटिक दाबले की त्यांच्यावर विद्युतभार येतो. गॅसच्या लायटरमधली ‘टक्’ तीच. पण तिथे दाब तुमच्या अंगठ्याचा आहे.

वडिलांशी बोलताना ‘हे अंधश्रद्धेचं आहे’ असं सुरुवातीला म्हणू नका, रात्री-अपरात्री थ्री फेजची वाट पाहत विहिरीवर बसलेल्या माणसाला ते लागतं. त्यांना विक्रेत्याला एवढंच विचारायला सांगा : पंप माझ्या विहिरीवर, मी निवडलेल्या जागी, जमिनीपासून उचलून लाकडी बाजल्यावर ठेवाल का? पाण्याच्या पाइपाखेरीज वायर, नळी, बॅटरी काही न जोडता तो दिवसभरात १०,००० लिटर पाणी ३० मीटर चढवेल का? आणि पैसे त्यानंतर घ्याल का?