तिथलं दार कसं उघडतं?

प्रश्न : ताई, माझी कॉलेजातली मुलगी ‘सेकंड लाइफ’ या संगणकावरच्या आभासी जगात रात्र रात्र घर बांधते. तिथे तयार घरं मिळत नाहीत का? आणि पैसे कशाचे लागतात?
– एक वाचक, सातारा

उत्तर : मिळतात, पण तीही बहुतेक तिच्यासारख्यांनीच बांधलेली असतात. लिंडेन लॅब या कंपनीनं २००३ साली हे जग खुलं केलं, तेव्हापासून झाडं, कपडे, जिने घडवतात ते मुख्यतः तिथले रहिवासीच.

मी तिथे पहिली खोली बांधली तेव्हा दारापाशी चार रात्री अडले होते. तिथलं बांधकाम ठोकळ्यांचं. ठोकळा ताणायचा, पोकळ करायचा, वर लाकडाचं चित्र चढवायचं. हात लागला की फिरायचं, एवढी सूचनाही त्याला लिहून दिली. पण ठोकळा फिरतो स्वतःच्या मध्याभोवती, म्हणून दार गिरकी घेई. शेवटी एका अनोळखी बाईनं शेजारी उभं राहून दाखवलं : दार दुप्पट रुंद कर आणि निम्मं काप, म्हणजे मध्य कडेला येतो. तीच बिजागरी! तो आनंद अजून आठवतो.

पैसे मुख्यतः जमिनीचे. एक प्रदेश २५६ मीटर लांब, तेवढाच रुंद. त्यात तुकडे पडतात आणि तुकड्यागणिक वस्तूंची मर्यादा ठरते. सरावासाठी मात्र ‘सँडबॉक्स’ नावाच्या मोकळ्या जागा फुकट आहेत. काही तासांनी तिथलं बांधकाम आपोआप हटतं, म्हणून निघताना प्रत स्वतःच्या सामानात ठेवायला तिला सांगा. आणि एकदा तिच्या शेजारी बसून तिचं दार उघडून बघा.