रोज एक प्रकरण: 'मोबी डिक' वाचणाऱ्यांचे प्रश्न

हर्मन मेलव्हिलची देवमाशाच्या शिकारीवरची कादंबरी 'मोबी डिक' रोज एक प्रकरण अशी वाचायला घेतली आहे. पण एखादं प्रकरण दोन मिनिटांत संपतं, तर एखादं संपता संपत नाही. हिशेब कसा बसवावा?

प्रकरणं १३५, म्हणजे साडेचार महिने. बहुतेक प्रकरणं आटोपशीर आहेत, त्यामुळे ही चाल या कादंबरीला चांगली मानवते. नियम मात्र काही ठिकाणी मोडावाच लागतो. ३६ ते ४० ही पाच प्रकरणं सलग वाचा. कप्तान एहॅब डोलकाठीवर सोन्याचं नाणं ठोकतो तिथपासून खलाशांच्या मध्यरात्रीच्या नाचगाण्यापर्यंतचं सगळं एकाच संध्याकाळी घडतं. ४० वं प्रकरण तर नाटकासारखं संवादांतच लिहिलेलं आहे. रोज तुकडा तुकडा वाचलंत तर तो ताण सुटतो. ५४ वं फार लांब आहे, त्याला दोन दिवस द्या. १२२ वं म्हणजे वादळात उंचावर काम करणाऱ्या खलाशाची दोन-चार तुटक वाक्यं. ते पुढच्या प्रकरणाला जोडून घ्या.

शेवटची तीन प्रकरणं मात्र काही केल्या एका बैठकीत संपवू नका. देवमाशाचा पाठलाग तीन दिवस चालतो आणि प्रत्येक दिवसाला एक प्रकरण दिलेलं आहे. तुम्हीही तीन दिवस घ्या. मधल्या दोन रात्री थांबून राहणं हा त्या वाचनाचाच भाग आहे.

३२ व्या प्रकरणात अडकलो. देवमाशांची नुसती यादी आहे, आणि वर देवमाशाला मासा म्हटलं आहे. वगळलं तर चालेल का?

वगळू नका, पण पाठही करू नका. अभ्यासाचं पुस्तक समजून यादी लक्षात ठेवायला गेलं की माणूस इथे हमखास थकतो. मेलव्हिलने देवमासे पुस्तकांच्या आकारांप्रमाणे लावले आहेत: फोलिओ म्हणजे मोठे, ऑक्टाव्हो मध्यम, ड्युओडेसिमो लहान. त्यातले दोनच ओळखीचे करून घ्या. स्पर्म व्हेलला खालच्या जबड्यात दात असतात आणि त्याचा फवारा एकच, पुढे तिरका जातो. राइट व्हेलला दात नसतात, गाळणीसारख्या पट्ट्या असतात आणि फवारा दुहेरी उडतो. डोलकाठीवरचा पहारेकरी दुरून फवाऱ्यावरूनच शिकार ओळखतो, म्हणून हा फरक पुढे कामाला येतो. ७४ आणि ७५ व्या प्रकरणांत या दोघांची डोकी जहाजाच्या दोन बाजूंना टांगलेली असतात आणि लेखक ती एकेक करून दाखवतो. ती वाचलीत की ३२ वं पुन्हा चाळा, सोपं वाटेल.

माशाबद्दल म्हणाल तर देवमासा सस्तन प्राणी, हे सजीवांचं वर्गीकरण करणाऱ्या लिनियसने १७५८ मध्येच मांडलं होतं. निवेदक त्याचं नाव घेऊन, फुप्फुसं आणि गरम रक्त मान्य करूनही आपला हट्ट सोडत नाही. लेखकाला माहीत नव्हतं असं समजू नका.

६० व्या प्रकरणातला शिकारीच्या होडीतला दोर कितीदा वाचला तरी डोळ्यांपुढे येत नाही.

कागद-पेन्सिल घ्या. लांबट होडी काढा, दोन्ही टोकं निमुळती. आत सहा ठिपके: पाच वल्हेकरी आणि मागे उभा राहून लांब वल्ह्याने दिशा देणारा मेट, म्हणजे कप्तानाच्या हाताखालचा अधिकारी. सर्वांत पुढचा वल्हेकरी म्हणजे हार्पून, म्हणजे दोर लावलेला भाला, फेकणारा. आता मागच्या बाजूला एक टब काढा. त्यात दोराची वेटोळी बसवलेली असतात. दोर इंचाच्या दोन तृतीयांश जाडीचा, लांबी २०० वावांहून थोडी जास्त, म्हणजे १२०० फुटांच्या वर.

पेन्सिल टबातून मागे न्या, तिथल्या खुंटाला वळसा घाला आणि पुढे या. दोर सगळी होडी ओलांडून, वल्ह्यांच्या मुठींवरून, दोन्ही बाजूंना बसलेल्या माणसांच्या मधून पुढच्या टोकाच्या खाचेत जातो. तिथून थोडा बाहेर लोंबून परत आत येतो, काही वाव वेटोळं होऊन पडतो आणि मग हार्पूनच्या आखूड दोराला जोडला जातो. चित्र नीट आलं असेल तर सहाही जण दोराच्या वेढ्यात बसलेले दिसतील. लेखकाला हेच दाखवायचं आहे.

दोराचं टबातलं टोक कशालाही बांधलेलं नसतं. देवमासा खोल गेला तर दुसऱ्या होडीचा दोर त्याला जोडता येतो. आणि दोर संपेपर्यंत तो पळाला तर होडी त्याच्यामागे पाण्याखाली ओढली जात नाही. वेटोळ्यात एक पीळ राहिला तरी दोर सुटताना कुणाचा तरी हात-पाय घेऊन जातो, म्हणून तो भरण्यात काही जण अख्खी सकाळ घालवतात.

६१ वं त्याच दिवशी वाचा. खुंटावरून सुसाट जाणारा दोर घर्षणाने तापतो आणि टबाजवळचा वल्हेकरी टोपीने त्यावर समुद्राचं पाणी मारतो. आदल्या प्रकरणाशिवाय ही धावपळ कळतच नाही. १३५ व्या प्रकरणात हाच दोर पुन्हा येतो, आणि तिथे तो समजावून सांगायला कुणी थांबत नाही.

वाटेत भेटणाऱ्या जहाजांची गल्लत होते.

ती नऊ आहेत. प्रकरणं ५२, ५४, ७१, ८१, ९१, १००, ११५, १२८ आणि १३१. पुस्तकात ठेवायच्या खुणेच्या कागदावरच हे आकडे लिहा आणि प्रत्येकापुढे एक ओळ: समोरच्या कप्तानाला काय हवं होतं, आणि एहॅबने काय उत्तर दिलं. १२८ व्या प्रकरणातली 'रेचल' येईपर्यंत ही ओळ भरत राहा. तिथे एक बाप मदत मागायला आलेला आहे, आणि आधीची सगळी उत्तरं समोर असली की त्याला मिळणारं उत्तर जास्त लागतं.

प्रत विकत घेताना काय पाहावं?

संक्षिप्त आवृत्ती नको. तिच्यात बहुधा दोर, चरबी, भट्टी हीच प्रकरणं कापलेली असतात. १३५ व्या प्रकरणानंतर छोटा उपसंहार आहे ना, तेही बघा. ऑक्टोबर १८५१ मध्ये लंडनला कादंबरी 'द व्हेल' या नावाने तीन खंडांत निघाली, तेव्हा तो त्यात नव्हता. गोष्ट सांगायला निवेदक मागे उरला कसा, असा आक्षेप तिथल्या समीक्षकांनी घेतला. पुढच्याच महिन्यात न्यूयॉर्कला निघालेल्या आवृत्तीत तो खुलासा होता.