संकरित मेंढ्यांना मेंढा कोणता लावायचा?
भाऊ, तुझ्या मेंढ्या दख्खनी-माडग्याळ संकरित, म्हणजे अंगाने बऱ्या. कोकरं मटणासाठीच विकायची असतील तर जत भागातला उंच, बाकदार नाकाचा माडग्याळ मेंढाच लाव. जुळ्यांसाठी फलटणचा नारी सुवर्णा जातीचा मेंढा आणणार असशील तर एक समजून घे: जुळं होणं मेंढीच्या अंगी असतं, मेंढ्याच्या नाही. सुंदरबनच्या गॅरोल जातीच्या मेंढ्यांकडून आलेला जुळ्यांचा जनुक या मेंढ्याच्या मुलींत उतरतो, म्हणून जुळी दिसतील ती त्या मुली व्यायल्यावर. आणि चारा कमी पडला तर आईचं दूध दोघांना पुरत नाही, कोकरू डोळ्यांदेखत जातं; फार जीव तुटतो रे. 25-30 मेंढ्यांना एक मेंढा पुरे. 2 वर्षांनी बदल, नाहीतर स्वतःच्याच मुलींना लागेल.