शुक्रवारी हैदराबाद? तारीख बदलता आली तर बदला

सकाळी काचीगुडा स्टेशनला उतरायचं, सालारजंग म्युझियम, चौमहल्ला राजवाडा, चारमिनार आणि गोवळकोंडा किल्ला उरकून रात्रीची गाडी पकडायची, सोबत सासू-सासरे. तुमचा बेत वाचला, मग तारीख पाहिली. शुक्रवार! अहो, हीच माती मी खाल्लीय, म्हणून लांबण लावतोय.

सालारजंग शुक्रवारी बंद. चौमहल्लाही बंद. चारमिनारशेजारच्या मक्का मशिदीत दुपारी जुम्म्याची नमाज, त्यामुळे चारमिनारभोवती मुंगी शिरणार नाही. आम्ही परभणीचे, वडील निजामाच्या राजवटीत उर्दू शाळेत शिकलेले. सालारजंगमधलं ते घड्याळ त्यांना बघायचं होतं, ज्यातला दाढीवाला बाहुला दर तासाला बाहेर येऊन टोले देतो. आदल्या दिवशी एका सहल कार्यालयात मी दोनदा विचारलं, "उद्या सगळं चालू आहे ना?" खिडकीतल्या माणसाने मान वर न करता "सब चालू" म्हणत पाच तिकिटं फाडली. दुसऱ्या दिवशी बस म्युझियमच्या फाटकाशी थांबली. पाटीवरचं उर्दू वडिलांनीच आधी वाचलं: "जुम्मा. बंद आहे रे." पैसे मागायला गेलो तर "साहब आने दो." साहेब साडेसहापर्यंत आले नाहीत, आमची गाडी आठची. त्या खिडकीवर माझा राग अजून आहे. बाहेर आठवड्याच्या सुट्टीचा साधा कागद चिकटवायला काय जातं?

तारीख बदलणारच नसेल तर सकाळी थेट गोवळकोंडा. फतेह दरवाजाच्या घुमटाखाली टाळी वाजवली की वर किल्ल्याच्या माथ्यावर, बाला हिसारला ऐकू येते, ती गंमत गर्दी नसतानाच कळते. वरपर्यंत साडेतीनशेच्या वर पायऱ्या आहेत. गुडघे कुरकुरत असतील तर सासूबाईंना खालीच सावलीत बसवा. चारमिनार संध्याकाळी.

शनिवार जमला तर मात्र बाराच्या आधी घड्याळासमोर जागा धरा, बारा टोले मिळतात. तिथला 'बुरख्यातली रिबेका' हा पुतळा चुकवू नका. संगमरवराचा बुरखा आणि त्याच्याआडून चेहरा दिसतो. मग चौमहल्ला. गोवळकोंडा त्या दिवशी सरळ सोडा, हे माझं ठाम मत. चार ठिकाणं म्हणजे फक्त रिक्षा बघणं. (कोणाला जमलं असेल तर त्यांना नमस्कार. वेळा-तिकिटं बदलतात, एकदा स्वतः खात्री करा, माझ्यावर विसंबू नका.)

चारमिनारजवळच्या लाड बाजारात लाखेच्या बांगड्या घेणार असाल तर शेगडीपाशी बसून चिमट्याने खडे बसवणाऱ्या कारागिराकडूनच घ्या, मनगटाचं माप तिथेच होतं. भाव निम्म्यापासून सुरू करा. आमच्या हिने केला नाही, तो विषय घरात अजून निघतो.