उत्तर: तगडा बुद्धिबळपटू इंजिनला (बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रॅमला) हरवू शकतो का?

तुमचा प्रश्न असा, की 2200 रेटिंगच्या (रेटिंग म्हणजे खेळाची ताकद दाखवणारा आकडा) मित्राने महिनाभर कसून तयारी केली तर फोनवरच्या स्टॉकफिश या इंजिनला तो एखाद्या डावात तरी हरवेल का. नाही हरवणार. पट पूर्ण बंद करून, प्यादी एकमेकांत अडकवून क्वचित बरोबरी साधेलही, पण त्यावर पैज लावू नका.

सगळ्यांना 1997 आठवतं. न्यूयॉर्कला आयबीएमच्या डीप ब्लू या संगणकाने तेव्हाचा जगज्जेता कास्पारोव्हला 3.5-2.5 असं हरवलं. माझ्या मते त्यातून फारसं सिद्ध झालं नाही. डाव सहाच, शेवटच्या डावात कास्पारोव्ह 19 चालींत कोसळला, आणि आदल्याच वर्षी त्याने या यंत्राला 4-2 ने नमवलं होतं. 2002 मध्ये रशियन ग्रँडमास्टर क्रामनिकने डीप फ्रिट्झ या इंजिनला 4-4 असं रोखलं. निकाल खरा लागला तो 2005 मध्ये लंडनला. हायड्रा या संगणकाने इंग्लंडच्या ग्रँडमास्टर मायकेल अ‍ॅडम्सला 5.5-0.5 असं धुऊन काढलं. सहा डावांत एक बरोबरी, बस्स. पुढच्या वर्षी क्रामनिकला (जगज्जेता असताना!) डीप फ्रिट्झविरुद्ध एका चालीतली मात दिसली नाही. माणूस हरतो तो असा.

बरं, हायड्रा म्हणजे खास बांधलेलं अवाढव्य यंत्र. पण 2009 मध्ये ब्युनॉस आयर्सच्या स्पर्धेत पॉकेट फ्रिट्झ 4 साध्या मोबाइलवर चालत होतं, आणि त्याने 10 पैकी 9.5 गुण मिळवले. त्यामुळे ‘फोनच तर आहे’ हे म्हणणं तेव्हाच निकालात निघालं.

डीप ब्लू सेकंदाला 20 कोटी स्थिती तपासायचा. तुमचा फोन त्याच्या जवळपासही जात नाही, तरी आजचं इंजिन कितीतरी सरस आहे, कारण पुढच्या चालींच्या कुठल्या फांदीत शिरायचं नाही हे त्याला कळतं. शिवाय 2020 पासून स्टॉकफिशमध्ये स्थिती जोखायला न्यूरल नेटवर्क आहे.

‘स्टॉकफिश 3600’ हा आकडा मात्र जपून वापरा. तो इंजिनांच्या आपसातल्या डावांवरून काढलेला आहे. माजी जगज्जेता कार्लसनचं सर्वोच्च रेटिंग 2882, म्हणून सरळ वजाबाकी करून टक्के मांडू नयेत. दोन याद्या वेगळ्या, त्यांची मोजपट्टी एक नाही.

मित्राला खरंच झुंजायचं असेल तर सवलत घ्यायला सांगा. आधी इंजिनचा वजीर काढायचा, जिंकू लागला की वजिराऐवजी हत्ती, मग घोडा. स्टॉकफिश समोरचाही आपल्याइतकंच पाहतो असं धरून चालतं, त्यामुळे घोडा कमी असताना ते मुकाट मोहऱ्यांची अदलाबदल होऊ देतं. लीला या दुसऱ्या इंजिनची घोडा देऊन खेळायला शिकवलेली आवृत्ती मात्र डाव गुंतागुंतीचा ठेवते आणि जलद डावांत ग्रँडमास्टरनाही लोळवते. मी तिच्याशी तीन मिनिटांचे डाव खेळलो. घोडा जास्त होता, उंटही हाती लागला, आणि तरीही माझ्या राजाला पळायला घर उरलं नाही. मित्राने घड्याळात निदान पंधरा मिनिटं लावावीत.